तिसरी मुदत

यंत्राने चौऱ्याऐंशी हा आकडा दाखवला तेव्हा शर्वरी इंगवले चक्क हसली. तिला वाटलं, काहीतरी बिघाड आहे. गेल्या चार वर्षांत तिचं आणि तिच्या वडिलांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, आणि हे डबडं म्हणत होतं की दोघांच्या निर्णयछापा शंभरात चौऱ्याऐंशी जुळतात.

"पुन्हा लावा," डोक्यावरची तारांची टोपी न काढताच ती म्हणाली.

"तीनदा लावलंय, मॅडम," तंत्रज्ञ आशय केळुसकर पडेल आवाजात म्हणाला. "त्र्याऐंशी, पंच्याऐंशी आणि हे चौऱ्याऐंशी."

आंबेखिंडच्या सभागृहात सोनजाई खोरे प्राधिकरणाच्या अध्यक्षपदासाठी आलेल्या अर्जांची छाननी चालली होती. तीन जिल्ह्यांतले नऊ लाख पाणीवापरदार हा अध्यक्ष थेट मतदानाने निवडतात. कोणत्या कालव्याला कधी आणि किती पाणी सोडायचं, हे तो ठरवतो. खोऱ्यात आमदारापेक्षा त्याला जास्त नमस्कार पडतात. म्हणूनच प्राधिकरणाच्या घटनेत लिहून ठेवलं होतं की एका माणसाला पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती मिळतील आणि त्यानंतर जन्मात पुन्हा नाही.

अर्ज दोनच होते. एक शर्वरीचा. दुसरा प्रसन्न काळोखेचा. हा प्रसन्न अठरा वर्षं धैर्यशील ऊर्फ दादासाहेब इंगवल्यांची, म्हणजे मावळते अध्यक्ष असलेल्या शर्वरीच्या वडिलांची, बॅग उचलत होता. दादासाहेबांना शिंक येणार असं दिसलं की रुमाल काढणारा माणूस. त्याची दादासाहेबांशी जुळणी निघाली होती तेवीस टक्के. अर्ज वैध.

निवडणूक निर्णय अधिकारी तन्वी भोईटे यांनी कागद पुढे ओढला आणि वाचायला सुरुवात केली. "सत्तर टक्क्यांवरची जुळणी ही तीच व्यक्ती असल्याचा पुरावा मानली जाईल. श्री. धैर्यशील इंगवले यांच्या दोन मुदती या महिन्यात पूर्ण होत आहेत. सबब शर्वरी धैर्यशील इंगवले या तिसऱ्या मुदतीसाठी अपात्र ठरतात."

"तिसऱ्या?" शर्वरी उठून उभी राहिली. टोपीच्या तारा ताणल्या. "बाई, माझी पहिलीसुद्धा झाली नाही अजून!"

मागच्या बाकांवर कोणीतरी फसकन हसलं. भोईटेबाई हसल्या नाहीत. "तुमचं म्हणणं उद्या अकरा वाजता ऐकेन. काही कागद असतील तर मूळ प्रतींसह आणा. उद्यानंतर मला अधिकार नाहीत."

हा कायदा कसा आला, ते सांगायलाच हवं. दोन मुदतींची अट घालून मंडळी निर्धास्त झाली होती, पण खुर्ची सोडणाऱ्याने खुर्ची सोडली असं कधी झालंच नाही. नवरा पायउतार झाला की बायको बसायची, ती उतरली की मुलगा. एका खोऱ्यात तर अध्यक्षाने ड्रायव्हरला बसवलं होतं. सही ड्रायव्हरची, हुकूम मागच्या सीटवरून. मग निर्णयछापेचा शोध लागला आणि लोकांना वाटलं, आता यांची खोड मोडली.

शोध तसा साधा होता. माणूस काय ठरवतो ते रोज बदलतं. तो कसा ठरवतो ते मात्र पंचविशीनंतर फारसं बदलत नाही. पुढे पेच आला की कोणाची नजर आधी फायद्याकडे जाते, कोणाची माणसांकडे, कोणाची स्वतःच्या अब्रूकडे. कोण कुठे थबकतो, कोणती गोष्ट सर्वांत आधी मनातून काढून टाकतो, याचा प्रत्येकाच्या मेंदूत एक ठरलेला क्रम असतो. चालण्याची ढब असते तसाच. टोपी घालून माणसाला तीनशे वीस छोटे पेच दाखवायचे, डोळे कुठे वळतात आणि मेंदूचा कोणता भाग कधी जागा होतो ते टिपायचं, की छाप तयार. दोन मुदती भोगलेल्या प्रत्येकाची छाप नोंदवहीत ठेवायची आणि नव्या उमेदवाराची तिच्याशी ताडून पाहायची. कायद्याने सांगितलं, मुदत नावाला नसते, मनाला असते.

पहिल्याच वर्षी गंमत झाली. स्वतःच्या दोन मुदती संपवून बायकोच्या नावाने पाच वर्षं कारभार हाकलेल्या एका गृहस्थाची तिच्याशी जुळणी नऊ टक्के निघाली, म्हणजे ती बिचारी त्याच्यासारखी कधीच नव्हती आणि कायद्याच्या दृष्टीने खुशाल निवडून येऊ शकत होती. ऐकणारं मन आणि ऐकवणारं मन वेगळं असतं, एवढी साधी गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती. पण कायदा झाला होता आणि तो बदलायला निवडून आलेली माणसंच लागत होती.

सभागृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर शर्वरीला बसवेना. कप हातात घेऊन ती तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे करत राहिली. बाकावर नझीर मुल्ला बसले होते. चाळीस वर्षं पाटकरी म्हणून त्यांनी कालव्यावर पाणी सोडलं-बंद केलं होतं, आणि आता शर्वरीच्या अर्जावर सूचक म्हणून त्यांची सही होती. त्यांचं गाव बारा नंबरच्या चारीवर, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, टेलला. वरच्या अंगाला डेटा सेंटरं आली, त्यांची यंत्रं थंड ठेवायला पाणी लागू लागलं, आणि दादासाहेबांनी टेलचं उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, बंद केलं. त्याच बैठकीतून शर्वरी उठून बाहेर पडली होती आणि पुन्हा वडिलांच्या घरी राहायला गेली नव्हती.

"त्या टोपीला काय कळतंय, ताई," नझीरचाचा म्हणाले. "दादासायेबांनी आमचं पानी तोडलं, तुमी ते आनाया निगालाय. दोगं एक कसं?"

आशय केळुसकर बिस्किट चहात बुडवत होता. त्याने संकोचत मान वर केली. "चाचा, टोपी मत विचारत नाही. मॅडम पाणी देतील, सर देणार नाहीत, हे तिला कळतच नाही. तिथपर्यंत दोघं कोणत्या वाटेने पोचतात, तेवढंच दिसतं."

"आणि ती वाट एकच आहे म्हणतोस?" शर्वरी थांबली.

"एकशे चौदा नंबरचा पेच आठवतो? बंधारा फुटतोय, फोन एकच लागतोय."

"वरच्या गेटवाल्याला लावला मी. गेट बंद केलं तर सगळेच वाचतात."

"सरांनीही तोच लावला. शंभरातले ऐंशी लोक आधी घरी लावतात."

शर्वरीच्या अंगावर काटा आला. तिला आठवलं की त्या पेचात तिला घर सुचलंसुद्धा नव्हतं. नझीरचाचांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मग उगाचच चहावाल्याला साखर मागितली.

"मी मुद्दाम वेगळी उत्तरं दिली तर?"

"उत्तर मेंदूत आधीच उमटलेलं असतं, मॅडम. तुम्ही नंतर ते बदललंत एवढंच दिसेल." तो घुटमळला. "सरांची छाप नोंदवहीत आहे तोवर काही होणार नाही. ती दोन मुदती पूर्ण झालेल्यांचीच असते. त्यांची एखादी मुदत मोजली गेली नसती, तर तुलना करायला छापच उरली नसती. पण मुदती तर दोन्ही भरत आल्यात."

तो सहज बोलून गेला. शर्वरीने मात्र कप बाकावर ठेवला.

सहा वर्षांपूर्वी दादासाहेबांचं यकृत निकामी झालं होतं. निवडणुकीला वर्ष उरलं होतं आणि आजारी माणसाला कोण मत देतो? म्हणून ठिबक सिंचनाच्या परदेशी अभ्यासदौऱ्याची बातमी सोडली आणि बापलेक यकृत बदलून घ्यायला चेन्नईला गेले. एकशे बारा दिवस. वाळवंटात उभ्या असलेल्या दादासाहेबांचे खोटे फोटो यंत्राकडून करून घेतले ते शर्वरीनेच. परत आल्यावर दादासाहेबांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली, की गेल्या वर्षातले तीनशे दिवस मी खोऱ्यात राहिलो आहे. ती पात्रतेची पहिली अट होती. उमेदवार खोऱ्यातलाच हवा. आणि घटनेच्या एकोणिसाव्या नियमात होतं की अपात्र असताना भूषवलेली मुदत मोजणीत धरू नये.

इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड शर्वरीकडे होतं. औषधांच्या डोससाठी ठेवलं, असं ती स्वतःला सांगत आली होती.

चार वाजता ती वडिलांच्या बंगल्यावर गेली. दादासाहेब व्हरांड्यात बसून द्राक्षाच्या वेलीची जुनी पानं खुडत होते. एकाहत्तरीतही पाठ ताठ.

"ये. चौऱ्याऐंशी!" त्यांच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "तुझी आई म्हणायची, ही माझ्यावर गेलीय. बरं झालं, ती आज नाही. हरली असती."

"पप्पा, चेष्टा करायला आले नाही मी."

"माहीत आहे. काहीतरी मागायला आलीयस, आणि मागावं की नको हे ठरत नाहीये. बस खाली. फिरू नकोस, मलाही बसवत नाही मग."

ती बसली. पाय हलतच राहिला. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं आणि स्वतःचा हलणारा पाय थांबवला.

"प्रसन्न निवडून येईल," ते म्हणाले. "रोज सकाळी फोन करून विचारेल, दादासाहेब, काय करू? मी सांगेन. पण खरं सांगू? कंटाळा येईल मला. सांगितलेलं सगळं करतो तो. एकदाही म्हणाला नाही, हे चुकतंय म्हणून. तू म्हणायचीस."

"मग बारा नंबरचं पाणी सोडा ना. अजून दहा दिवस खुर्ची आहे तुमच्याकडे."

"डेटा सेंटरांशी करार आहे. मोडला तर प्राधिकरण बुडेल. तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी करार मोडला असता."

"नाही. तू आधी दुसरा करार शोधला असतास आणि मग पहिला मोडला असतास. तोपर्यंत बारा नंबरला थांबायला सांगितलं असतंस." ते हसले. "मी दुसराच करार शोधतोय, चार वर्षं."

शर्वरीला त्यांचा संताप आला. कारण ते खरं होतं. कार्ड पर्समध्ये होतं. ते टेबलावर ठेवून, पप्पा, तुम्हीच उद्या कबूल करा, असं म्हणायला ती आली होती. पण ते म्हटलं की त्यांना तयारीला अख्खी संध्याकाळ मिळणार. वकील येणार, इस्पितळाला फोन जाणार, कार्ड बनावट ठरणार. आधी सांगायचं नाही, तिच्या मनाने ठरवून टाकलं. ती पाणी प्यायली, तिने त्यांच्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या आणि निघाली.

फाटकापाशी तिला भरून आलं. हे बारा नंबरसाठी, ती स्वतःला म्हणाली. चार हजार कुटुंबं आहेत. एका माणसाच्या दहा वर्षांच्या मानापेक्षा ती मोठी आहेत. ते खरंही होतं, आणि तरी तिला स्वतःची किळस आल्यावाचून राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला सभागृह गच्च भरलं. दादासाहेब पहिल्या रांगेत बसले होते. बाजूला प्रसन्न काळोखे पाण्याची बाटली धरून. मागच्या रांगेत बारा नंबरची पंधरा-वीस माणसं आणि नझीरचाचा.

शर्वरीने एकोणिसावा नियम वाचून दाखवला. मग कार्ड काढून भोईटेबाईंपुढे ठेवलं. चेन्नई, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, एकशे बारा दिवस. तिचा आवाज एकदाही कापला नाही. फोटो कोणी करवले, ते मात्र तिने सांगितलं नाही.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग एकदम गलका उठला. प्रसन्न ओरडला, "बनावट आहे! बापावर उठली!" त्याच्या हातातली बाटली पडली आणि पाणी दादासाहेबांच्या बुटांपर्यंत गेलं.

भोईटेबाईंनी हात वर केला. "या कार्डाची शहानिशा करायची तर प्रकरण लवादाकडे जाईल. सहा महिने लागतील आणि तोवर निवडणूक होऊन जाईल. संबंधित व्यक्तीने इथे, आत्ता मान्य केलं, तरच मी निर्णय देऊ शकते. श्री. इंगवले, हे खरं आहे का?"

आता ते नाही म्हणतील, शर्वरीला वाटलं. दहा वर्षांतली पाच पुसली जाणार होती. भिंतीवरच्या फलकावरचं नाव, निवृत्तिवेतन, धरणाच्या पायथ्याची कोनशिला. एक 'नाही' म्हटलं की सगळं शाबूत राहत होतं.

दादासाहेब उठले. टेबलापाशी आले. कार्ड हातात घेऊन त्यांनी आधी तारीख पाहिली, मग नियमांच्या पुस्तकाकडे, मग छताकडे, जसं काही तिथे वर्षं लिहिलेली होती. शर्वरी त्यांचे डोळे पाहत होती आणि तिला ते वाचता येत होतं. एकेक पायरी तिच्या स्वतःच्या डोक्यात उमटत होती. दुसरी मुदत रद्द. म्हणजे मोजणीत एकच उरली. खोट्या प्रतिज्ञापत्राला सहीच्या तारखेपासून सहा वर्षांची बंदी, त्यातली पाच सरली. पुढच्या निवडणुकीला...

"अरे देवा," ती पुटपुटली.

"खरं आहे," दादासाहेब स्वच्छ आवाजात म्हणाले. "मी अपात्र होतो. माझी दुसरी मुदत मोजू नका."

भोईटेबाईंनी दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला. छाप नोंदवहीतून काढली गेली. शर्वरी धैर्यशील इंगवले यांचा अर्ज वैध. मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्या सुरू झाल्या. शर्वरीलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगा.

पायऱ्यांवर दादासाहेब तिच्यासाठी थांबले होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी शर्यत जिंकल्यावर ठेवायचे तसा.

"एकोणिसावा नियम शिक्षेसाठी लिहिला होता गं. मुदत खोडली की मर्यादाही खोडली जाते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही आलं, दहा वर्षं तेच पुस्तक उशाशी ठेवून." ते मनापासून हसले. "तू जिंक. प्रसन्नला मी बसवतो खाली. पाच वर्षं चांगली कर. मग मी समोर उभा राहीन, शहात्तरचा. नवं यकृत छान चाललंय."

"मी तुम्हाला परत आणायला नव्हतं केलं हे."

"माझ्यासाठी नाहीच केलंस. स्वतःसाठी केलंस. म्हणून तर जमलं." त्यांनी हात काढला आणि प्रसन्नला गाडी आणायला सांगितलं. प्रसन्न पळाला.

शर्वरी कठड्याला धरून उभी राहिली. गाड्यांवर तिचे फलक बांधायला कार्यकर्त्यांनी सुरुवातही केली होती. नझीरचाचा एकटेच पायऱ्यांशी उभे होते, आपली टोपी हातात घेऊन. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे तिला आत्ता आठवलं.

"ताई, त्यो कागूद तुमच्यापाशी कवापासनं हुता?"

"सहा वर्षं, चाचा."

"मंजी मागल्या निवडणुकीच्या आदीपासनं."

"हो."

"तवाच दावला असता तर दादासायेब बसलंच नसतं. आमचं आवर्तन बंद झालंच नसतं." ते हिशेब मांडत नव्हते, नुसतं स्वतःशी बोलत होते. "दोन उन्हाळं माज्या भावानं टँकरचं पानी डाळिंबाला घातलं. तिसऱ्याला झाडं तोडली. तुमी तवा आमच्या बांधावर बसून रडला हुता, ताई. खरं रडला हुता, म्या बगितलंय."

"तेव्हा मला सुचलं नव्हतं, चाचा. शपथेवर सांगते. कालच सुचलं."

"व्हय. काल तुमचं नाव कापलं तवा."

नझीरचाचांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली.

"म्या बाईस्नी इचारून आलो, सूचकाची सही काडून घेता येती का. न्हाई म्हनाल्या, छाननी झाली, आता न्हाई येत."

ते पायऱ्या उतरून एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले. बारा नंबरची दोन-तीन माणसं, काय झालं ते न कळून, त्यांच्या मागोमाग निघाली. शर्वरीला त्यांना थांबवायचं होतं. धावत जावं, हात धरावा, चुकलं म्हणावं, असं तिला खरंच वाटलं. पण त्याआधी, तिच्या नकळत, बारा नंबरच्या चारीवर एकूण मतं किती, ते तिच्या डोक्यात मोजून झालं होतं. साडेनऊ हजार.

मग तिने हाक मारली.